घोळणा फुटणाऱ्या घराण्यांची फुफ्फुसे तपासा : आरोग्य सेवा संचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
आरोग्य सेवा संचालनालय,
कांपाल, पणजी, गोवा.

विषय : फुफ्फुसातील विकृत रक्तवाहिन्या वेळीच शोधून बंद करणे व त्यांच्यामुळे येणारा पक्षाघात टाळणे.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी पेडणे तालुक्यातील निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. आम्हा पाच भावंडांतील सर्वांत धाकट्या बहिणीच्या अंगावरून २०२२च्या पावसाळ्यात वारे गेले. तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. घरी शिवणकाम करून तिने दोन मुले वाढवली. तिला रक्तदाब नाही, मधुमेह नाही, तंबाखूचा तर वासही सोसत नाही. त्या सकाळी ब्लाऊजची बाही बेतताना कात्री तिच्या उजव्या हातातून गळून पडली आणि मुलीला हाक मारायला गेली, तर तोंडातून शब्दच फुटेना. १०८ची रुग्णवाहिका वेळेत आली आणि रुग्णालयातही कोणी हयगय केली नाही. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकल्याचे दिसले, मानेच्या धमन्या स्वच्छ निघाल्या, हृदयाचा साधा इको व्यवस्थित आला आणि घरी सोडताना दिलेल्या कागदावर पक्षाघाताच्या कारणापुढे ‘अज्ञात’ असा शेरा पडला.

ते कारण आठ महिन्यांनी सापडले, आणि ते तिच्या डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात होते. ते त्याआधी कितीतरी वर्षे सापडू शकले असते, हे सांगण्यासाठी आणि त्यावरून आपल्या खात्याकडे एक मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र उघडपणे लिहिण्याचे कारण इतकेच की ज्या घरांना ते लागू पडते, त्या घरांपर्यंतही ते पोहोचावे.

आमच्या घरात घोळणा फुटणे हा आजार मानलाच जात नव्हता. वडिलांच्या नाकातून आठवड्यातून दोनतीनदा रक्त यायचे. जेवताना पानावर थेंब पडला की ते मुकाट्याने उठून विहिरीवर जायचे आणि आजी अंगणातल्या दूर्वा वाटून त्यांचा रस त्यांच्या नाकात पिळायची. ‘उष्णता आहे, आमसुलाचे सार घे,’ एवढ्यावर विषय संपायचा. त्यांच्या ओठांवर आणि बोटांच्या टोकांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके होते. लहानपणी मी ते बोटाने दाबून बघायचो, दाबले की फिके पडायचे आणि सोडले की पुन्हा लाल व्हायचे. १९८९ मध्ये, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, वडील पक्षाघाताने गेले. बहिणीला घोळण्याचा त्रास अकराव्या-बाराव्या वर्षी सुरू झाला, तेव्हा ‘बापाचे नाक घेतले आहेस’ असे आम्ही कौतुकानेच म्हणत होतो.

या सगळ्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे आणि ते शंभर वर्षांहून जुने आहे. रेंदू, ऑस्लर आणि वेबर या तीन डॉक्टरांनी १८९६ ते १९०७ या काळात वर्णन केलेला हा आनुवंशिक विकार, हेरेडिटरी हेमोरेजिक टेलँजिएक्टेशिया, आज जगभर एचएचटी या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्यात काही ठिकाणी धमनी आणि शीर यांच्यामधले केशवाहिन्यांचे जाळे तयारच होत नाही आणि धमनी सरळ शिरेला जाऊन मिळते. असा जोड नाकाच्या आतल्या त्वचेत असला तर घोळणा फुटतो, ओठावर असला तर लाल ठिपका दिसतो. फुफ्फुसात असला तर मात्र बाहेरून काहीही दिसत नाही. आईवडिलांपैकी एकाला हा विकार असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. साधारणपणे दर पाच हजारांत एकाला तो असतो असे मानतात. २०११च्या जनगणनेतील गोव्याची सुमारे साडेचौदा लाखांची लोकसंख्या धरली तर नुसत्या भागाकाराने हा आकडा तीनशेच्या जवळ जातो. ही प्रत्यक्ष मोजणी नव्हे, हे मला कळते. पण अशा घरांत आम्ही एकटे नसणार, एवढे त्यावरून नक्कीच म्हणता येते.

फुफ्फुसातला जोड मेंदूला कसा भोवतो, हे मला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावले. अंगभर फिरून आलेले रक्त हृदयाच्या उजव्या बाजूतून फुफ्फुसात जाते आणि तिथे इतक्या बारीक केशवाहिन्यांतून गाळले जाते की रक्तपेशींनाही एकामागून एक सरकावे लागते. पायाच्या शिरांत तयार झालेली बारीकशी गुठळी, दातांच्या मुळाशी रक्तात शिरलेले जंतू, सलाईनच्या नळीतून गेलेला हवेचा बुडबुडा हे सारे त्या गाळणीत अडकते आणि बहुतेक वेळा तिथेच जिरते. धमनी सरळ शिरेला जोडलेली असली की वस्त्रगाळ करणारे ते वस्त्रच त्या जागी फाटलेले असते. गुठळी न गाळता हृदयाच्या डाव्या बाजूत येते आणि तिथून मेंदूकडे जाते. गुठळी गेली तर पक्षाघात होतो, जंतू गेले तर मेंदूत गळू होते. आम्ही नदीकाठची माणसे असल्यामुळे मला लगेच खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन, आठवले. मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, पाणी आत-बाहेर जाते ते भरती-ओहोटीच्या नियमाने. पण बांधाला कुठे खांड पडली तर खारे पाणी सरळ शेतात घुसते. खांड हातभरच होती म्हणून कोणी ती उद्यावर ढकलत नाही. रात्र असली तरी माणसे चिखल आणि पेंढा घेऊन धावतात.

ही उपमा मी शोभेसाठी वापरत नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०१४ मध्ये फुफ्फुसात असे जोड असलेल्या सुमारे पाचशे रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विकृत वाहिनी जितकी रुंद तितका पक्षाघाताचा धोका जास्त, असे त्यात आढळले नाही; त्याउलट रक्तातील लोह कमी असलेल्यांना धोका अधिक असल्याचे मात्र दिसले. लोहाचे प्रमाण बरेच खाली गेलेल्यांत तो जवळपास दुप्पट होता. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ तो कागद हातात धरून बसलो होतो. पक्षाघातानंतर बहिणीला रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली होती, त्या गोळीने घोळणा वाढला, रोज उशीला डाग पडू लागले आणि चार महिन्यांत तिचे हिमोग्लोबिन सातवर आले. गोळी देणे चूक होते असे माझे म्हणणे नाही, कारण या विकारातही ती विचारपूर्वक देता येते. परंतु तिचे लोह घसरू न देणे हासुद्धा तिच्या मेंदूच्या रक्षणाचाच भाग आहे, हे त्या चार महिन्यांत आम्हाला कोणी सांगितले नाही. ती अशक्त दिसते म्हणून बीट आणि खजूर द्या, एवढेच सांगण्यात आले.

आता जे हुकले त्याविषयी. २०१६ मध्ये खोकल्यासाठी काढलेल्या तिच्या एक्स-रेमध्ये डाव्या बाजूला खाली एक गोलसर डाग दिसला होता. थुंकी तपासली, त्यात काही निघाले नाही आणि ‘जुन्या क्षयाचा डाग’ म्हणून ती फाइल बंद झाली. मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, गावातल्या इतर घरांप्रमाणे आम्हीही ऑक्सिमीटर आणला. घरातल्या सगळ्यांच्या बोटाला ९७, ९८ असा आकडा यायचा. तिच्या बोटाला बसलेली असताना ९० आणि आडवी झाल्यावर ९३ यायचा. आम्ही घाबरून तिला तपासायला नेले. कोरोनाची चाचणी निगेटिव्ह आली, तेव्हा यंत्र स्वस्तातले असेल, बोटे गार असतील, असे म्हणून आम्हाला परत पाठवण्यात आले. वास्तविक तो आकडा तिच्या आजाराचे गुपितच सांगत होता. असे जोड बहुधा फुफ्फुसाच्या खालच्या भागात असतात. माणूस उठून बसला की रक्ताचा ओघ खाली वाढतो, जास्त रक्त न गाळता, प्राणवायू न घेता पुढे जाते आणि आकडा उतरतो. अर्थात ऑक्सिमीटरचा आकडा चांगला असला म्हणजे फुफ्फुस निर्दोष, असा उलटा अर्थ कोणी काढू नये. अनेकांच्या बाबतीत तो पूर्ण चांगला असूनही जोड असतो.

नाकाचे कागद कान-नाक-घसा विभागात, छातीचे छातीच्या विभागात आणि मेंदूचे मेंदूच्या विभागात राहिले. ज्या ज्या डॉक्टरांनी तिला पाहिले, त्यांनी आपापल्या पुढ्यातले काम नीट केले, आणि म्हणूनच मी कोणत्याही संस्थेचे वा व्यक्तीचे नाव घेत नाही. पण हे तिन्ही कागद एकाच टेबलावर ठेवून ‘घरात आणखी कोणाचा घोळणा फुटतो का?’ एवढे विचारणारा माणूस आम्हाला पक्षाघातानंतर आठ महिन्यांनी भेटला, आणि तोही रक्त वाढवण्यासाठी गेलो असताना. त्या डॉक्टरीणबाईंनी तिला जीभ बाहेर काढायला सांगितली, टॉर्चच्या उजेडात तिच्यावरचे लाल ठिपके मोजले आणि मग माझ्याकडे वळून वडिलांविषयी विचारले.

या निदानासाठी २००० साली ठरलेले कुरासाव निकष मोजून चार आहेत : वारंवार आपोआप घोळणा फुटणे, ठरावीक जागी लाल ठिपके असणे, फुफ्फुस, यकृत, मेंदू यांसारख्या आतल्या अवयवात असे जोड असणे आणि आई, वडील, भावंड किंवा मूल यांपैकी कोणाला हा विकार असणे. तीन जुळले की निदान पक्के आणि दोन जुळले तर संशय धरायचा. यांपैकी तीन गोष्टी विचारून आणि बघून कळतात. त्यांना यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, फार तर दोन मिनिटे लागतात.

पुढची चाचणीही परदेशातून आणावी लागेल अशी नाही. तिला बबल इको म्हणतात. बहिणीची चाचणी चालू असताना मी शेजारी उभा होतो. दोन सिरिंजा एका तिहेरी तोटीला जोडून परिचारिकेने सलाईन या सिरिंजेतून त्या सिरिंजेत इतक्या वेगाने फिरवले की ते दुधाळ झाले, आणि लगेच ते हाताच्या शिरेतून सोडले. पडद्यावर हृदयाची उजवी बाजू पांढऱ्या बुडबुड्यांनी गच्च भरली. डॉक्टर हृदयाचे ठोके मोठ्याने मोजत होते. फुफ्फुस धड असेल तर बुडबुडे तिथेच विरतात आणि डावी बाजू काळीच राहते. हृदयाच्या पडद्याला भोक असेल तर ते पहिल्या तीन ठोक्यांतच डावीकडे दिसतात. बहिणीच्या हृदयाची डावी बाजू तीन ठोक्यांपर्यंत काळी होती, चौथ्यालाही काळी होती, आणि पाचव्या ठोक्याला ती एकदम पांढरी झाली. म्हणजे बुडबुडे फुफ्फुसातून फिरून आले होते. त्यानंतर छातीच्या सीटी स्कॅनमध्ये तो ‘जुन्या क्षयाचा डाग’ पुन्हा दिसला. त्याला जाऊन मिळणारी धमनी चार मिलिमीटर रुंद होती.

उपचाराला छाती उघडावी लागली नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूमार्गे फुफ्फुसाच्या धमनीत नेली, औषध सोडून वाहिनी पडद्यावर स्पष्ट करून घेतली आणि निकेल-टायटॅनियमच्या तारांच्या जाळीचे बूच त्या धमनीत सोडले. कुठे कुठे यासाठी प्लॅटिनमच्या वेटोळ्या, म्हणजे कॉइल, वापरतात. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चालत आलेली आहे. बहीण पूर्ण वेळ जागी होती. बाहेर आल्यावर तिने बोटाला लावलेल्या यंत्राकडे डाव्या हाताने खूण करून मला दाखवले : ९६. छातीत दोन दिवस कळ येत होती, तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. बूच बसवले म्हणजे कायमचे सुटलो, असे मात्र नाही. बंद केलेली वाहिनी काहींमध्ये पुन्हा वाहू लागते, लहान जोड हळूहळू मोठे होतात. म्हणून सहा महिने ते वर्षभराने सीटी आणि त्यानंतर काही वर्षांच्या अंतराने पुन्हा सीटी करावा लागतो. दात काढण्यापूर्वी किंवा हिरड्यांतून रक्त येईल अशा कुठल्याही कामापूर्वी प्रतिजैविक घ्यावे लागते, सलाईन लावताना नळीत हवा राहू देता येत नाही, आणि समुद्राच्या तळाशी टाकी लावून पोहणे जन्मभर वर्ज्य. पर्यटकांना डायव्हिंगला नेणाऱ्या ग्रँड आयलंडच्या बोटींवर आपले कितीतरी तरुण कामाला आहेत. डायव्हिंगपूर्वीच्या आरोग्यपत्रकात घोळण्याचा प्रश्न असावा असे मला त्यांच्यासाठीही वाटते.

महोदय, माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. तिचा गाभा असा की पक्षाघात किंवा मेंदूतील गळू घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर घोळण्याचा आणि घराण्यातल्या घोळण्याचा प्रश्न छापलेला असावा, उत्तर ‘होय’ आल्यास ओठ, जीभ आणि बोटे पाहिली जावीत, आणि साधा इको करून न थांबता बबल इको केला जावा. विशेषतः वय कमी आहे आणि कारण सापडत नाही, अशा रुग्णाला ‘अज्ञात’ असा शेरा देण्यापूर्वी हे झालेच पाहिजे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापासून म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा रुग्णालयांपर्यंत आणि तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत हा एक प्रश्न नेणे आरोग्य खात्याच्या एका परिपत्रकाने शक्य आहे. केंद्रात घोळणा घेऊन येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना यांपैकी काहीही नसते, त्यांचे नाक कोरड्या हवेने किंवा बोट घालण्याने फुटते, हे मी शिक्षक म्हणून जाणतो. त्या सर्वांना बांबोळीला पाठवा असे मी म्हणत नाही. आजोबा, वडील आणि मूल अशा तीन पिढ्यांत घोळणा असेल तर मात्र त्या मुलाला दूर्वांच्या रसावर सोडू नये. दंत महाविद्यालयाच्या केसपेपरवरही हाच प्रश्न यावा.

आणि एक रुग्ण सापडला की त्याच्या घरच्यांना बोलावण्याची जबाबदारी रुग्णालयाने घ्यावी. एचएचटीविषयीच्या २००९ आणि २०२० या दोन्ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत हा विकार असलेल्या किंवा त्याचा संशय असलेल्या सर्वांची फुफ्फुसे, त्रास असो वा नसो, तपासावीत असे सांगितले आहे; चाचणी निर्दोष आली तरी ती साधारण पाच वर्षांनी पुन्हा करायची असते. बहिणीच्या मुलीची तपासणी आम्ही धडपड करून करून घेतली. ती बावीस वर्षांची आहे, तिला दम लागत नाही, ऑक्सिमीटरवर ९८ येतात, आणि तिच्या उजव्या फुफ्फुसात असा जोड आणि त्याला मिळणारी तीन मिलिमीटरची धमनी सापडली. ती बंद केली. तिच्या बाबतीत मला एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. घरात कोणाला आनुवंशिक आजार आहे हे आपल्याकडे लपवले जाते, कारण मुलीचे स्थळ मोडते. आमच्याच घरात वडीलधाऱ्यांनी ‘लग्न होईपर्यंत कशाला तपासता?’ असे विचारले. पण हे जोड गरोदरपणात मोठे होतात, फुटून छातीत रक्त साचू शकते, आणि ब्रिटनमधील अभ्यासात अशा गरोदरपणांत शंभरात एक माता दगावल्याचे दिसले. त्याच अभ्यासात हेही दिसले की ज्यांना आपला आजार आधीपासून माहीत होता, त्यांच्यावर प्रसंग आला तरी त्या वाचण्याचे प्रमाण अधिक होते. तेव्हा लग्नाआधी तपासणे हेच तिच्या हिताचे होते. अशा घरांना बोलावताना गावात बभ्रा होणार नाही, आशाताईंच्या तोंडी निरोप फिरणार नाही, बंद पाकिटातून किंवा थेट फोनवरून सांगितले जाईल, एवढी काळजी खात्याने घेतली तर माणसे येतील. नाही तर ती येणार नाहीत, आणि त्यांना दोष देणेही मला जमणार नाही.

बहीण आता चालते. बोलताना अजून शब्द अडतात. ‘सुई’ म्हणायचे असते आणि तोंडातून ‘दोरा’ निघतो, मग तीच मान हलवून पुन्हा सुरुवात करते. मशीन मुलीने चालवायला घेतली आहे.

माझी स्वतःची चाचणी निर्दोष आली. दोन भाऊ, एक बहीण आणि त्यांची मुले मिळून आमच्या कुटुंबातील नऊ जणांची तपासणी व्हायची आहे. त्यांतील चौघांचा घोळणा फुटतो आणि सर्वांत लहान मूल सात वर्षांचे आहे. बहिणीचे व भाचीचे सर्व कागद, २०१६च्या एक्स-रेसह, मी क्रमवार लावून ठेवले आहेत आणि ते आपल्या डॉक्टरांना शिकवण्यासाठी हवे असल्यास नावे झाकून देण्यास दोघींची लेखी संमती आहे. या नऊ जणांना कोणत्या वारी, कोणत्या विभागात घेऊन यावे, ते कृपया कळवावे.

आपला विश्वासू,
पेडणे तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक